ओढून पाहणाऱ्या मावशी

"ओढून पाह्यलं का?"

मावशींचा पहिला प्रश्न हा असे. तुम्ही घराला कुलूप लावून आलेले असा, दुधाची पिशवी घेऊन आलेले असा, की मुलीचं लग्न जमवून आलेले असा. उत्तरासाठी त्या थांबत नसत. स्वतःच पुढे होत, समोरची वस्तू अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरत आणि तिला एक झटका देत. हातात आली तर खोटी. नाही आली तर "आत्तापुरतं ठीक हाय." पूर्ण ठीक असं काही या जगात असतं, हे त्यांना मान्य नव्हतं. आमच्या गल्लीत मुलगी पाहायला आलेल्या एका नवरदेवाच्या मनगटावरचं घड्याळ त्यांनी पट्ट्यासकट ओढून पाहिलं होतं. पट्टा तुटला. लग्न झालं, पण मावशी त्या मुलीला शेवटपर्यंत "बिचारी" म्हणत.

संशयी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. मावशींची गोष्ट इतकीच वेगळी की त्यांच्या संशयाला सरकारी पगार मिळत असे. नवरा रेल्वेत होता, तो अकाली गेला आणि त्याच्या जागी यांना रायपुरातल्या गुढियारीच्या मालधक्क्यावर लावून घेतलं. काम एकच. मालगाडी आली की डब्याडब्याशी जायचं आणि दारावरच्या तारेला लावलेलं शिशाचं सील ओढून पाहायचं. सील नुसतं डोळ्यांना शाबूत दिसून भागत नाही. चोर माल काढून घेतात आणि तार पुन्हा अशी अडकवून ठेवतात की पाहणाऱ्याला शंका येऊ नये. ओढली की मात्र हातात येते. उन्हातान्हात गाड्यांच्या बाजूने चालत मावशींनी आयुष्यभर हेच केलं, आणि निवृत्त झाल्यावर उरलेलं जग तपासायला घेतलं.

मी त्यांच्या घरी भाड्याने राहायला गेलो तेव्हा छत्तीसगढचं नवं राज्य नुकतंच झालं होतं. रायपूर राजधानी झालं आणि जो उठला तो रायपूरला यायला लागला. साहेब आले, साहेबांच्या मागून ठेकेदार, ठेकेदारांच्या मागून मजूर. चौबे कॉलनीत खोली मिळेना म्हणून मी गोंदियाचा पोरगा गुढियारीत जाऊन पडलो. मावशी मूळच्या भंडाऱ्याकडच्या. दारात मराठी ऐकून त्यांना बरं वाटलं असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी आधी माझ्या ट्रंकेचं कुलूप ओढलं, मग विचारलं, "नौकरी कायची?"

"नकाशे काढतो. शहराचा आराखडा करून राहिलो आम्ही. पुढे किती लोक येतील, ते राहतील कुठे, पाणी कुठलं पितील, याचा."

"आनखी लोक येनार हाय हे तुमाले कोनं सांगतलं?"

"अंदाज असतो, मावशी."

"त्याईनं कळवलं नाही ना?"

"नाही."

"मंग बिनबोलावल्या पावन्यायसाठी घर बांधून राह्यले तुमी," असं म्हणून त्यांनी खोली दिली. त्या दिवसापासून मी 'नकाशेवाला बाबू' झालो. हे नाव त्या ज्या सुरात घेत, त्या सुरात आपण खिसेकापूला खिसेकापू म्हणतो.

मावशींच्या घरामागे एक लहान तलाव होता. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, छत्तीसगढी बाया त्याला तरिया म्हणत आणि आमच्या मावशीही तसंच म्हणत. कागदोपत्री तो कुठल्याशा जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, नावावर होता, पण वापर साऱ्या पाऱ्याचा. धुणं तिथे, आंघोळी तिथे, म्हशी तिथे, नवरात्रात उगवलेल्या धान्याचे जवारेही तिथेच विसर्जन होत. मावशी बौद्ध, त्यांचा जवाऱ्यांशी संबंध नाही, पण विसर्जनाच्या दिवशी घाटाच्या पायरीवरचा सैल दगड कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून आदल्या सकाळी त्या प्रत्येक दगड हलवून पाहत. याची कोणी त्यांना विनंती केलेली नव्हती.

तलाव मागे होता म्हणून त्यांच्या अंगणातल्या हातपंपाला भर उन्हाळ्यातही गोड पाणी असे. सारा पारा तिथे भरायला येई. मावशी दारात वेताचा मोडा टाकून बसत आणि प्रत्येकीच्या बादलीची कडी ओढून पाहत.

"कडी निघाली तं माह्या अंगनात सांडान. पानी फुकटचं नाही."

"हव दीदी," असं म्हणून बाया हसत आणि बादली पुढे करत. एखादी नवी सून गाल फुगवी. पण पाण्याला नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

आराखड्याचं काम पुरं होत आलं, तेव्हा एका संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने मावशींना बातमी दिली. आपला तलाव नकाशावर निळ्या रंगात आला आहे. निळा म्हणजे पाणी. तिथे आता कोणाला बांधता येणार नाही, मालगुजारालाही नाही.

मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कोनं लिवलं?"

"आमच्याच ऑफिसनं."

"पुसून टाक."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. सूप बाजूला ठेवून त्यांनी मला मालधक्क्याचा कायदा सांगितला. मालगाडीच्या डब्यावर आत काय आहे याची चिठ्ठी लावतात. ज्या डब्याच्या चिठ्ठीवर साखर लिहिलेलं, त्याचं सील वाटेत तुटतं. चहा लिहिलेलं, तेही तुटतं. बिनचिठ्ठीच्या डब्याला कोणी हात लावत नाही, कारण आत शेणखत निघालं तर मेहनत वाया जायची.

"लिवलं का चोराले समजते. आजवर आमच्या तरियाले कोनी पुसलं नाही, काहून? कोनाच्या ध्यानातच नाही. तुमी त्याच्यावर चिठ्ठी लावून राह्यले."

वर मीच आणखी एक घोळ करून ठेवला होता. तलावाभोवती मोकळी जागा सोडायची म्हणून नकाशावर एक तुटक रेघ होती, तीही मी त्यांना प्रामाणिकपणे सांगून टाकली. रेघ मावशींच्या न्हाणीतून जात होती. शेजाऱ्यांच्या मागच्या भिंतींमधूनही जात होती. मग काय विचारता. पाणी वाचवायच्या नावाखाली सरकार घरं पाडणार, ही बातमी दुसऱ्या दिवशी पाऱ्यात सगळ्यांच्या तोंडी होती.

मी पुष्कळ समजावलं. म्हटलं, रेघेविरुद्ध अर्ज करा, तलावाविरुद्ध करू नका. नकाशावर जे नाही ते सरकारच्या लेखी जमिनीवरही नसतं.

"तुही भाकर त्याईच्या चुलीवर भाजते बाबू. तू तसंच म्हनशील."

पुढे कित्येक दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मला राग आला होता, नाही असं नाही. ज्या घरात आपण जेवतो तिथे आपल्यालाच चोराचा साथीदार ठरवलं की घास गोड लागत नाही.

आराखड्याचा मसुदा लोकांनी पाहावा, हरकती घ्याव्यात म्हणून एका सभागृहाच्या भिंतीवर लावला होता. मावशी पाऱ्यातल्या बायांना घेऊन आल्या. ठेवणीतलं पांढरं लुगडं, पायात निवृत्तीच्या वेळी मिळालेले बूट. नकाशासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मला पुढचं दिसत होतं, पण मी टेबलामागे अडकलो होतो. त्यांनी नकाशाचा कोपरा चिमटीत धरला आणि झटका दिला. वरच्या टाचण्या सुटल्या आणि अर्धं रायपूर त्यांच्या अंगावर आलं.

"माताजी, हाथ मत लगाइए!"

"हात में आ गया," मावशी बायांकडे वळून म्हणाल्या. तिथेच निकाल लागला.

सुनावणीत त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "साहब, हमारा तरिया इसमें से निकाल दो।"

"निकाल दें? मतलब?"

"मतलब लिखो मत। न नीला, न पीला। हम अपना देख लेंगे।"

तोवर आलेल्या साऱ्या हरकती जमीनमालकांच्या होत्या. आमची जमीन निळ्यातून काढा, हिरव्यातून काढा. ज्यांना पाण्याचा उपयोग, ते स्वतःच ते नकाशातून काढा म्हणायला आलेत, हे साहेब पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी एकदा मागच्या रांगेत बसलेल्या, पांढरे बूट घातलेल्या तरुणाकडे पाहिलं. तो त्या मालगुजाराचा नातू. मग साहेब गोड हसले. हरकत घेणाऱ्याशी ते एरवी वाद घातल्याशिवाय सोडत नसत.

"ठीक है माताजी। जनता की माँग है, मान लेते हैं।"

आणि त्यांनी मावशींसाठी चहा मागवला. हरकत घ्यायला आलेल्या माणसाला चहा, हे आमच्या ऑफिसात त्याआधी घडलं नव्हतं. मावशींनी कपाचा कान ओढून पाहिला आणि कप तसाच खाली ठेवला.

परतताना पायऱ्यांवर बाया जिंकल्याच्या आनंदात होत्या. मावशी मागे राहिल्या.

"बाबू, चहा काहून पाजला त्यानं?"

त्यांना उत्तर माहीत होतं असं मला आजही वाटतं. मावशींची मागणी आणि साहेबांचा हुकूम एकच झाल्यावर नकाशे काढणाऱ्याला बोलायला जागा उरत नाही. ट्रेसिंगवरचा तो तलाव मी ब्लेडने खरवडून काढला.

दिवाळीला मालगुजाराच्या घरून पाऱ्यात घरोघर मिठाईचे डबे आले. इतकी वर्षं त्या घरातून कोणी साधा रामराम घातला नव्हता. मावशींनी डब्याची दोरी ओढून पाहिली, ती पक्की होती.

"यावेळी सील बराबर हाय," त्या म्हणाल्या. "म्हनूनच भेव वाटून राह्यलं."

पाऱ्याने मिठाई खाल्ली. मावशींनी ती खिडकीत ठेवली आणि मुंग्या लागेपर्यंत ठेवली.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी खाली गेलं आणि ट्रक यायला लागले. राजधानीचे रस्ते रुंद करायचे म्हणून सदर बाजाराच्या बाजूची जुनी घरं पाडत होते, त्यांचा मलबा आमच्या तरियात. विटा, चौकटींची लाकडं, कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या फरशा. पहिल्या ट्रकपुढे मावशी उभ्या राहिल्या. मागच्या फळीची साखळी त्यांनी जोर लावून ओढली. ती काही हातात आली नाही.

"मालिक से पूछो, माताजी," ड्रायव्हर म्हणाला. तो बिचारा बाहेरगावचा, भाटापाऱ्याचा, त्याला काय माहीत.

बायांना घेऊन त्या पुन्हा आमच्या ऑफिसात आल्या. चहा पाजणारे साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी मंजूर आराखडा टेबलावर पसरला आणि म्हटलं, "कहाँ है तालाब? दिखाइए।"

मावशींनी बोट ठेवलं. बोटाखाली पिवळा रंग होता.

"यहाँ तो आवासीय है। तालाब तो है ही नहीं।"

"है। हम अभी वहीं से आए हैं।"

"नक्शे में नहीं है, अम्मा।"

मावशींनी मान वर करून माझ्या टेबलाकडे पाहिलं. त्या काहीतरी लागेल असं बोलतील म्हणून मी तयारीत होतो. त्या फक्त "चला" म्हणाल्या, तेही बायांना.

मी धावत पायऱ्यांपर्यंत गेलो. त्या कठड्याला टेकून बसल्या होत्या. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासत होत्या. ओढायला समोर काही नव्हतं.

"बिनचिठ्ठीचा डबा कोनी फोडत नाही, हे खरं हाय बाबू," त्या म्हणाल्या. "पन तो हरवला, तं त्याले शोधालेही कोनी येत नाही. तो होता हेच कोनाच्या कागदावर नसते. म्या असे डबे पाह्यले. सायडिंगले उभ्या उभ्या सडले, झाडं उगवली त्याईत. मले ठाऊक होतं. मले ठाऊक होतं आन् त्या दिवशी आठवलंच नाही."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. त्यांनी आधी ओढून पाहिला असता.

तलाव बुजला. पुढच्या उन्हाळ्यात अंगणातला हातपंप आधी लाल पाणी ओकला आणि मग नुसता खोकायला लागला. टँकर येऊ लागला. इतकी वर्षं दारात मोडा टाकून बसणाऱ्या मावशी आता बादली घेऊन रांगेत उभ्या राहत. पाऱ्यातल्या एकीनेही त्यांना टोमणा मारला नाही. उलट त्यांची बादली पुढे सरकवत आणि आपापल्या बादल्या त्यांच्यासमोर धरून विचारत, "देख तो दीदी, कड़ी ठीक हे?" मावशी मान हलवत. ओढून पाहणं त्यांनी सोडलं होतं, आणि ते पाहवत नसे.

त्या अगदीच चुकल्या होत्या असंही मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका भागात एक तलाव निळाच राहिला. तिथे सुशोभीकरण आलं, दिवे आले, कारंजं आलं, फिरायला फरशीची वाट आली. घरांच्या मागच्या भिंती गेल्या आणि वाटेपुरतं पाणीही गेलं. धुणं धुवायला आता तिथे मनाई आहे. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा वाटलं, त्यांना जरा बरं वाटेल.

"तरी हाय ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. अर्धा आहे."

"मंग हाय," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी नवंच काम काढलं. पिशवीत डबा घ्यायचा आणि गावाच्या कडेला जिथे अजून तलाव उरलेत तिथे जाऊन बायांमध्ये बसायचं. "तुमच्या तरियाले नकाशात लिवून घ्या. रेघ पायजे तिकडून जाऊ द्या, भांडा तिच्याशी, पन आधी लिवून घ्या." एका पाऱ्यात बायांना वाटलं ही दलालांची बाई असणार, तलावाची माहिती काढायला आली. त्यांनी मावशींची पिशवी उलटी करून झडती घेतली. डब्यात पोळी आणि चटणी निघाली.

मला संताप आला होता. मावशी मात्र कितीतरी दिवसांनी हसल्या.

"बरं केलं त्याईनं. मले ओढून पाह्यलं."

त्याच पाऱ्याचा तलाव पुढच्या आराखड्याच्या वेळी लिहिला गेला. तोवर भिलाईला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने मावशींना तिकडे आपल्या क्वार्टरमध्ये नेलं होतं. तरी सुनावणीला त्या आल्या, बसने, त्या झडती घेणाऱ्या बायांसोबत. नकाशा आता काचेच्या चौकटीत लावला होता. चौकटीचा कोपरा त्यांनी चिमटीत धरला आणि झटका दिला. मला इतका आनंद झाला की मी टेबलामागून उठलोच. चौकट हलली नाही.

"हा निळा, तो पक्का ना?"

"पक्का, मावशी."

"आत्तापुरता," त्या म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात मुलाचा फोन आला. तो मराठी समजतो, बोलतो हिंदीत. "भैया, माँ नहीं रहीं।" मग जरा थांबून म्हणाला, हॉस्पिटलमध्ये नर्स वैतागल्या होत्या, माँ सलाईनची पट्टी सारखी ओढून पाहायची. रडता रडता तो हसला आणि मीही हसलो. फोन ठेवल्यावर मला रडू आवरेना.

झडती घेणाऱ्या त्या पाऱ्याच्या तलावावर सरकारने पाटी लावली आहे. हा तलाव आहे, येथे भराव करण्यास मनाई आहे, असं तिच्यावर हिंदीत लिहिलंय. आता शहर तिथपर्यंत पोचलं आहे. पलीकडच्या काठावर उंच इमारतींचे खांब उभे राहताहेत. परवा तिकडून जाताना मी स्कूटर थांबवली. बाया धुणं धूत होत्या, पाणी चांगलं भरलेलं होतं. मी पाटीजवळ गेलो, इकडे तिकडे पाहिलं, तिचा लोखंडी खांब चिमटीत धरला आणि झटका दिला.

हातात आला नाही. पण हलला.

बाया धुणं थांबवून माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांना हाक मारली आणि खांब पुन्हा एकदा, त्यांच्यासमोर, ओढून दाखवला.